लहान बॅटरीवाली मशीन

वास्तुशांतीच्या दिवशी बायकोच्या माहेरचा आहेर आला. लुगडं, शेला, टोपी, स्टीलचं पिंप हे सगळं रीतीप्रमाणं होतंच. पण त्यामागून माझा साळा खांद्यावर एक लांबलचक दांडा घेऊन मांडवात शिरला. दांड्याच्या एका टोकाला पेट्रोलचं इंजिन, दुसऱ्या टोकाला गवत कापायचं पातं. इंजिनाला हळदीकुंकू लावलेलं, दांड्याला लाल कापड गुंडाळलेलं. पूजा सांगणारे गुरुजी मंत्र म्हणता म्हणता थांबले. मी होमापाशी पाटावर उपरणं घेऊन बसलेला, त्यामुळे मला उठताही येईना अन् हसताही येईना. साळा मात्र खुशीत होता. ताई घरापुढे गवत लावणार हे त्याला फोनवर कळलं होतं, आणि गवत लावलं की ते कापावं लागणार, एवढा सरळ हिशेब करून तो अकोल्याहून हे धूड घेऊन आला होता. त्याच्या शेतात धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, गवत तो असल्याच मशीननं काढतो.

आमच्याकडे माहेरचा आहेर परत करत नाहीत. लुगड्याचा रंग पटला नाही, पिंप गळकं निघालं, तरी हसून घ्यायचं. बायकोनं मशीनवर दोन अक्षता टाकल्या आणि मला ती जिन्याखाली ठेवायला सांगितली. पाहुणे जेवून गेल्यावर मी विचारलं, की हे चालवणार कोण? ती म्हणाली, मी. मला वाटलं थट्टा करते आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतला मास्तर. बदल्यांनी आम्हाला परतवाड्याला नेलं, अचलपूरला नेलं, मोर्शीला नेलं. सगळीकडे भाड्याची घरं, आणि सगळ्या घरमालकांची एकच अट, की अंगण उकरायचं नाही. ही बाई रंगाच्या रिकाम्या डब्यांत मोगरा लावायची, कढीपत्ता लावायची, आणि बदली आली की डबे शेजारणीच्या ओट्यावर ठेवून ट्रकमध्ये बसायची. एकदा एका घरमालकानं तिनं लावलेलं जास्वंद आमच्यासमोर उपटून फेकलं होतं. मी त्याच्या अंगावर धावून गेलो. माझा स्वभावच तसा आहे, आधी तोंड सुटतं, मागून डोकं चालतं. घरात येऊन तिनं एवढंच म्हटलं, की कधी ना कधी आपली जागा होईल, तेव्हा कोणाला विचारायला नको.

ती जागा अमरावतीच्या कडेला एका लेआउटमध्ये झाली. घरापुढे बऱ्यापैकी मोकळी जमीन सुटली. गल्लीतल्या सगळ्यांनी पुढच्या अंगणात सिमेंटचे गट्टू टाकलेले. चिखल नाही, साप नाही, गाडी लावायला बरं. मीही गट्टूच टाकायचं म्हणत होतो. बायको म्हणाली, माती झाकायची नाही. विषय संपला.

मधली गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही, म्हणून सांगतो. घराचा पाया भरला आणि तिला स्तनाचा कॅन्सर निघाला. नातेवाईक दबक्या आवाजात ‘गाठ’ म्हणायचे. ती भाजीवालीलासुद्धा सरळ कॅन्सर म्हणून सांगायची. मी म्हटलं, घर राहू दे, बांधकाम बंद करतो. तिनं ऐकलं नाही. स्लॅब टाकला तेव्हा किमोनं तिचे केस गेलेले होते. डोक्याला रुमाल बांधून, समोरच्या निंबाखाली खुर्ची टाकून बसली, आणि स्लॅबवर पाणी नीट मारतात की नाही ते पाहत राहिली. मी तिथं असून नसल्यासारखाच होतो. मिस्त्रीशी बोलत होती ती. बाईमाणूस किती खंबीर असू शकतं ते मी त्या उन्हात पाहिलं. आजही आठवलं की ऊर भरून येतो.

ऑपरेशनमध्ये उजव्या काखेतल्या गाठी काढल्या. त्या काढल्या की हातातलं पाणी नीट माघारी फिरत नाही आणि हात सुजू शकतो. सूज वाढू दिली, तर ती जन्माची पाहुणी होऊन बसते. म्हणून डॉक्टरांनी सांगितलं होतं, की ह्या हाताला जपा. ओझं नको, झटका नको, कापणं-खरचटणं नको, ह्या हातावर सुई नको. तिनं उजव्या हातातल्या बांगड्या काढल्या आणि दाबाची घट्ट बाही चढवली.

ते ‘जपा’ मी असं मनावर घेतलं, की विचारू नका. बादली मी उचलायची, पिशवी मी धरायची, कणीक मी मळायची. माझ्या पोळ्या अशा व्हायच्या, की गल्लीतलं कुत्रं वास घेऊन तोंड फिरवायचं. ती मुकाट खायची. सुरुवातीला तिला बरं वाटत असेल. मग बरं वाटेनासं झालं, पण बोलली नाही. फक्त अंगणाच्या बाबतीत ती अडून बसली. बाकी घर तुमच्या हातानं चालू द्या म्हणाली, पण ही जमीन मी माझ्या हातानंच सांभाळीन. आयुष्यभर तिनं दुसऱ्याच्या जमिनीत लावलं आणि सोडून दिलं. आता जमीन होती, आणि हातावर बंदी आली होती. तिच्या जिवाला लागलेली गोष्ट एवढीच, आणि ती मला कळत होती. पण मला भीती वाटत होती, त्याला काय करू?

मिरगात आम्ही हरियाली, म्हणजे हराळीचं गवत, लावली. साळ्याला हसू आवरेना. आमची हयात गेली ही हरियाली वावरातून खणून काढण्यात, आणि तुम्ही तिला विकत आणून खतपाणी घालता, म्हणाला. त्याचंही खरं होतं. काळ्या मातीत हरियाली काय ऐकते? श्रावण लागेस्तोवर गवत पोटरीपर्यंत आलं. कुंपणाची मेंदी रस्त्यावर झुकली. येणारा-जाणारा विचारू लागला, की मास्तर, गाय पाळता का?

एका रविवारी मी जिन्याखालून आहेराची मशीन काढली. तिला पेट्रोलमध्ये ऑइल कालवून घालावं लागतं, पट्टा खांद्याला अडकवावा लागतो, आणि मग एक दोरी हिसका देऊन ओढावी लागते. मी ओढली. पुन्हा ओढली. शेवटी ती असा काही आवाज करून उठली, की समोरच्या घरातलं तान्हं लेकरू रडत जागं झालं. धूर माझ्याच नाकात. हातांना अशा मुंग्या आल्या, की मशीन ठेवल्यावरही बोटं थरथरत होती. कोपऱ्यातलं थोडं गवत कापलं, त्यात तिनं लावलेली शेवंतीही कापली. कमरेत उसण भरली ती वेगळी. मी चार शिव्या हासडल्या आणि मशीन भिंतीला टेकवून ठेवली.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आलो तर बायको ओसरीवर उशीवर हात उंच ठेवून बसलेली. बाही काढलेली. हात मनगटापासून कोपरापर्यंत तटतटलेला. मी न विचारताच समजलो. तिनं दोरी ओढून पाहिली होती.

मग मी जे काही बोललो, ते सगळं लिहिण्यासारखं नाही. एवढं करून हाताचं वाटोळं करून घेशील, कोणासाठी करतेस, गवत गेलं चुलीत, उद्याच्या उद्या गट्टूवाल्याला बोलावतो, असं बरंच. ती ऐकत होती. मी थांबलो तेव्हा म्हणाली, दोरीचा हिसका बसला, चुकलंच ते. पण काम जमण्यासारखं आहे, मशीन जमण्यासारखी नाही. एवढा हात सुजलेला आणि बाईचं डोकं ठिकाणावर! त्या रागातसुद्धा मला तिचं कौतुक वाटलं.

सूज उतरायला आठवडा लागला. तो आठवडा आमच्या घरात भांड्यांचाच आवाज. मग ती मला घेऊन हाताचे व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपीच्या डॉक्टरणीकडे गेली. मुलीच्या वयाची पोरगी. मला वाटलं, आता ही माझ्या बाजूनं बोलेल. म्हणून मीच आधी सगळं गाऱ्हाणं सांगितलं. पोरीनं हात दाबून पाहिला आणि म्हणाली, की काका, हात काचेचा नाहीये. तो वापरला नाही तरी बिघडतो. झटका नको, फार थरथर नको, खांद्याच्या वर हात नेऊन काम नको, आणि दमायच्या आधी थांबायचं. ह्यात बसेल ते काम करू द्या. बायकोनं एकेक अट बोटावर मोजल्यासारखी पुन्हा म्हणून घेतली. परत येताना बसमध्ये ती खिडकीबाहेर पाहत होती आणि मला कळत होतं, की हिचं डोकं कुठं चालू आहे.

बसमधून उतरताना म्हणाली, की भाऊ पाठीवर फवारणीचा पंप घेऊन कपाशीत हिंडतो, तो कशावर चालतो? बॅटरीवर. दोरी नाही, पेट्रोल नाही, नुसतं बटण. मग गवताची मशीन तशी नसेल का? वायरवाली शेजाऱ्यांकडे होती, पण ओल्या गवतात वायर ओढत फिरणं मला मान्य नव्हतं, तेवढं विज्ञान मी शिकवतो. बॅटरीवाल्या मशिनी अमरावतीत आम्ही शोधल्या. दुकानांत होत्या त्या लग्नाच्या मोठ्या लॉनवाल्यांसाठीच्या, दोघांनी ढकलाव्या अशा. एका दुकानदारानं चित्रं दाखवली आणि म्हणाला, मागवून देतो. बायको म्हणाली, हातात धरल्याबिगर घेणार नाही. चित्र पाहून नवरा केला तेवढं पुरे झालं.

राखीला आम्ही अकोल्याला गेलो. तिनं भावाला राखी बांधली, पेढा भरवला, आणि ताट खाली न ठेवताच म्हणाली, की ओवाळणी मी सांगेन ती पाहिजे. साळ्यानं खिशात घातलेला हात तसाच ठेवला. तिनं त्याला दुखावलं नाही. म्हणाली, तुझ्या आहेराची मशीन माझीच आहे, ती मी परत करत नाही, पण ती आता तुझ्या धुऱ्यावर चालव, माझ्या नावानं. आणि मला ओवाळणीत माझ्या हाताला झेपेल अशी बॅटरीवाली घेऊन दे. किती नीट बोलली! आहेराचा मान राहिला, भावाचं मन राहिलं, आणि जे पाहिजे ते पदरात. मला असं बोलणं सात जन्मांत जमणार नाही. साळ्याचे डोळे पाणावले. तो उठून चपला घालू लागला.

दुकान शेतीच्या अवजारांचं. छताला फवारणीचे पंप टांगलेले, कोपऱ्यात कडबाकुट्टी, आणि मागच्या भिंतीशी बॅटरीवाल्या गवताच्या मशिनींची एक रांग. दुकानदारानं बायकोसाठी प्लास्टिकची खुर्ची टाकली, पाण्याचा ग्लास दिला, बाई बसा म्हणाला, आणि मशीन काढून दिली साळ्याच्या हातात. साळ्यानं ती तोलून पाहिली आणि माझ्या हातात दिली. मी बटण दाबलं, चालवली, बंद केली, पुन्हा दुकानदाराला दिली. मग आम्ही तिघंही मोटर कोणती, व्होल्ट किती, पातं कसलं, हीच बॅटरी फवारणीच्या पंपाला चालेल का, ह्यावर घसा कोरडा करत बसलो. चालत नाही म्हणे. त्यावरही साळ्यानं बराच वाद घातला. ज्या बाईला मशीन घ्यायची होती ती खुर्चीवर पाण्याचा ग्लास धरून बसलेली.

मग ती उठली. ग्लास काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, “मले द्या.”

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. मी साळ्याकडे पाहिलं. साळा जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, “ताई, तुहं एवढं मोठं ऑपरेशन झालं. तू काहून हात लावतं? आमी पाहून राहिलो ना.”

तिचा आवाज काही चढला नाही. पण दुकानात गिऱ्हाईक होतं, नोकर होता, सगळ्यांना ऐकू गेलं. “डॉक्टरनं हात ठेवला माहा, कापून नाही नेला. ठेवला तो कायले? पेटीत घालाले? वापरू द्या मले.”

साळा खाली पाहू लागला. पण ते वाक्य भावासाठी नव्हतंच, माझ्यासाठी होतं. दुकानदार शहाणा निघाला. त्यानं माझ्यासमोरची मशीन उचलली आणि तिच्यापुढे आणून ठेवली.

त्यानंतर मी पाहिलं ते असं. चाकांवर ढकलायच्या दोन मशिनी होत्या, दोन वेगळ्या कंपन्यांच्या. तिनं त्या चालू केल्याच नाहीत. आधी बॅटरी काढली आणि घातली. एकीत बॅटरी इतकी घट्ट बसायची, की काढायला हिसका द्यावा लागायचा. ती मशीन तिनं पायानं बाजूला सरकवली. दुसरीत खटका दाबला की बॅटरी आपसूक हातात यायची. मग दांडी खालीवर करून पाहिली. कोपर अंगाशी राहिलं पाहिजे, हात वर जायला नको. मग गवत जमा होणारी पेटी काढली आणि विचारलं, ही भरल्यावर किती जड होते? आमच्या तिघांपैकी कोणालाही हा प्रश्न सुचला नव्हता, कारण पेटी उचलायचा प्रश्न आम्हाला पडणारच नव्हता. दुकानदार म्हणाला, ओलं गवत असलं तर चांगलीच जड होते. पेटी न लावताही चालते, गवत तिथंच पडतं. ती म्हणाली, मग पेटी लावणार नाही, पडलेलं गवत मातीलाच खाऊ द्या.

भिंतीच्या कडेचं गवत चाकवाल्या मशीनला लागत नाही. त्यासाठी दोरा फिरवून कापणारी हलकी दांड्याची मशीन असते. तिची पकड उजव्या हाताची होती. बायकोनं ती डाव्या हातात धरली, दुकानात इकडून तिकडे फिरून पाहिली, आणि मूठ उलटी फिरवून बसते का ते विचारलं. बसत होती. मेंदी कापायच्या कात्रीवाल्या मशीनपाशी ती थोडी थांबली. दुकानदारानं ती डोक्यावर धरून उंच कुंपण कसं कापायचं ते दाखवलं. बायको म्हणाली, कुंपण उंच होऊच देणार नाही, कमरेएवढंच ठेवीन, मग हात वर न्यावा लागणार नाही. तिन्ही मशिनींना एकच बॅटरी चालत होती, म्हणून तिन्ही घेतल्या. एरवी माणूस बागेसाठी मशीन घेतो. ही बाई आपल्या हाताच्या मापानं सगळी बाग नव्यानं आखत होती. मी कडेला उभा राहून पाहत होतो, आणि खरं सांगतो, इतका अभिमान मला कशाचाच वाटला नाही, घराचासुद्धा नाही.

शेवटी बॅटरीची गोष्ट आली. दुकानदारानं दोन काढल्या, एक मोठी, एक लहान. मोठीवर अख्खं अंगण एका दमात निघेल म्हणाला, लहान मध्येच संपते, लोक मागून पस्तावतात. शिवाय आमच्या उन्हाळ्यात बॅटरी तापवू नका, काम झालं की गार होऊ द्या, मगच चार्जिंगला लावा, हेही सांगितलं. साळा म्हणाला, मोठीच घ्या, ओवाळणी आहे, कंजुषी कशाला? मीही मोठीच म्हणालो. मशीन कोणतीही असो, दमदार घ्यावी, हे मला जन्मापासून पाठ.

ती म्हणाली, लहान.

मला राहवलं नाही. मी जरा जोरातच म्हणालो, की अर्ध्यात बंद पडेल ना, मग काय करशील?

“तेच पायजे मले,” ती म्हणाली. “मले थांबता येत नाही. हे तुमाले बी माहीत आहे. दमाच्या आंधी थांब म्हणते ती पोरगी, पण मी काही थांबणार नाही. मशीन थांबली की मले थांबाच लागन.”

दुकानदारानं मोठी बॅटरी मुकाट्यानं आत ठेवली. आपल्यातली खोड कोणती ते बाईला ठाऊक, आणि त्या खोडीलाच तिनं बॅटरीचं कुंपण घातलं. मी खोकी उचलून साळ्याच्या गाडीत ठेवली. तेवढी मात्र तिनं मला उचलू दिली.

पुढच्या रविवारी पावसानं उघडीप दिली. दुपारी ऊन पडलं, गवत वाळलं, आणि ऊन कलल्यावर ती तयार झाली. गाऊनखाली माझे जुने कॅनव्हासचे बूट, उजव्या हातात दाबाची बाही, दोन्ही हातांत मोजे, डोक्यावर माझी शाळेच्या सहलीतली टोपी. केस आता बोटभर आले होते, ते टोपीबाहेर उभे. काय दिसत होती म्हणून सांगू! मी माहितीपत्रक मोठ्यानं वाचून दाखवत होतो. तिनं ते माझ्या हातातून घेतलं, घडी घातली आणि मला पायरीवर बसवलं. हाक मारल्याशिवाय उठायचं नाही, अशी ताकीद दिली.

तिनं खटका दाबला, दांडी ओढून धरली, आणि मशीन चालू झाली. आवाज म्हणाल तर शेजारच्या स्वयंपाकघरात मिक्सर चालावा एवढा. धूर नाही, वास आला तो फक्त कापल्या गवताचा. समोरचं लेकरू कठड्याला धरून उभं राहून पाहत होतं, रडलं नाही. ती भिंतीपासून फाटकापर्यंत गेली, वळली, परत आली. कापलेला पहिला पट्टा वाकडा आला. दुसरा जरा सरळ आला. कोपर अंगाशी, पाठ ताठ, ओठ घट्ट मिटलेले. वळताना मशीन एकदा अडखळली तेव्हा मी उठलोच. तिनं माझ्याकडे न पाहता नुसता डावा हात वर केला. मी बसलो. तिला मदत लागत नव्हती. नुसती लागत नव्हती असं नाही, ती मजेत होती. पुटपुटत होती, गवताशी बोलत होती, एका दगडाला तिनं चक्क दम दिला.

अर्धं अंगण झालं आणि तिनं दांडी सोडली. मशीन थांबली. मी धावतच गेलो.

हात दुखला का म्हणून विचारलं. नाही म्हणाली. बाही वर करून दाखवली, हात होता तसा होता. मग बॅटरी संपली असेल म्हणून मी वाकून पाहिलं. बॅटरीवरचे दिवे चालू होते. अजून बरंच चाललं असतं. मी विचारलं, मग थांबली कशाला?

“राह्यलेलं उद्या करीन,” ती म्हणाली, आणि मोजे काढत चहा टाकायला आत गेली.

मी तिथंच उभा राहिलो. कॅन्सर कळला त्या दिवसापासून ह्या बाईनं एकही काम दुसऱ्या दिवसावर टाकलं नव्हतं. भिजवलेली डाळ त्याच दिवशी वाटायची. शेजारणीची वाटी त्याच संध्याकाळी परत. उसवलेला काठ लगेच शिवायचा, कोणती किल्ली कुठं आहे ते मला पुन्हा पुन्हा सांगायचं. ‘आजचं आजच होऊ द्या’, म्हणायची. ती असं का म्हणते ते मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे तिलाही ठाऊक होतं. त्यावर आम्ही कधी बोललो नाही. कितीतरी दिवसांत तिच्या तोंडून ‘उद्या’ हा शब्द मी ऐकलाच नव्हता.

शेजारचे काका कुंपणाशी आले. अर्धं कापलेलं, अर्धं पोटरीएवढं अंगण पाहून त्यांनी विचारलं, की हे काय मास्तर, अर्धंच? मी म्हणालो, बाकीचं ती उद्या करणार आहे. एवढं बोललो आणि मी खाली त्या न कापलेल्या गवतातच बसलो आणि पोटभर रडलो.